फक्त तीन जागा शिल्लक

कार्यशाळांची जाहिरात करणारी वेब पानं बनवणं हा माझा धंदा. माणसाला आमूलाग्र बदलून टाकणारे एकोणीस मार्गदर्शक आजवर माझ्या हाताखालून गेले. त्यांनी कुणाचं आयुष्य बदललं की नाही, ठाऊक नाही. मी मात्र प्रत्येकाच्या बटणाचा रंग बदलला. नारिंगी बटण जास्त दाबलं जातं.

विसावा माझा सख्खा दादा निघाला. कारखान्यात नव्या कामगारांना काम शिकवण्यात त्याची सव्वीस वर्षं गेली. मग नव्या कामगारांची गरज संपली आणि पाठोपाठ त्याचीही. सात महिने पडदे ओढून घरात बसल्यावर त्याने कार्यशाळा काढली: 'पन्नाशीनंतर पुन्हा उभे राहा'. वहिनीने निर्वाणीचं सांगितलं, "रविवारी एक जरी माणूस आला तर माझं काही म्हणणं नाही. नाहीतर सोमवारपासून माझ्या भावाच्या फरशीच्या दुकानात बसायचं."

"फोटोत हाताची घडी घाल," मी दादाला म्हणालो. "आत्मविश्वास दिसतो."

"सव्वीस वर्षं साहेबांपुढे हात बांधूनच उभा होतो. तेव्हा नाही दिसला कुणाला."

पान झालं. वर मोठा मथळा, खाली दादाचा ओशाळलेला चेहरा, तीन समाधानी लोकांचे अभिप्राय (तिघंही मीच), आणि ठळक अक्षरांत 'फक्त तीन जागा शिल्लक'.

"अरे, एकही भरलेली नाही अजून!"

"रिकामी खानावळ बघून कोणी आत शिरतं का, दादा?"

पानावरचा नावनोंदणीचा फॉर्म चालतोय का हे बघायला एक मीच भरला. नाव: अबक. 'तुमची अडचण' या रकान्यात काही सुचेना, म्हणून माझं जे होतं तेच लिहिलं: सकाळी उठावंसंच वाटत नाही. मेल पोचली का हे विचारायला फोन उचलला, तोच दादाचा आला.

"एक जण आला!"

"दादा, ते नाव..."

"खरं नाव नाही दिलेलं रे, लाजतोय बिचारा. पण अडचण बघ किती सरळ लिहिलीय! या माणसाला मी आतून ओळखतो."

सात महिन्यांत त्याचा असा आवाज ऐकला नव्हता. मी म्हटलं, "अभिनंदन."

आठवडाभर दुसरा फॉर्म आला नाही. दादाने त्या एकासाठी वहीची चाळीस पानं भरली. रोज दाढी करू लागला.

रविवारी, आता सांगूनच टाकू म्हणून, मी साडेनऊलाच कार्यशाळेच्या जागी, वाचनालयाच्या वरच्या खोलीत पोचलो. वीस खुर्च्या भिंतीला लावून ठेवलेल्या. मधोमध फक्त दोन, समोरासमोर. स्टुलावर पाण्याचे दोन ग्लास.

"तू बाहेर थांब," दादा म्हणाला. "तिसरं माणूस बघून तो दारातूनच परत जायचा."

मी जिन्यात बसलो. दहा वाजले, अकरा वाजले. साडेअकराला दादा वही काखेत धरून बाहेर आला.

"दादा, तो अबक म्हणजे..."

"उठावंसं वाटलं नसेल रे त्याला. लिहिलंच होतं की त्याने." त्याने दाराला कुलूप घातलं. "फरशीचं दुकान संध्याकाळी सातला बंद होतं. तू पानावर वेळ साडेसातची कर. तोवर उठला असेल."

घरी येऊन मी वेळ बदलली. जागा अजून तीनच शिल्लक होत्या.