अंगठ्याखालचा खिळा

मी एक जुना लाकडी खोका आहे. वीतभर उंच, दोन हात लांब. मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिलेले नाही, आणि ते ठीकच आहे. मी पडद्यावर दिसलो असतो तर ती चूक ठरली असती. पण ज्या बाईंना बघून तुमच्या घरातली मोठी माणसे पन्नास वर्षे हसली आणि रडली, त्या बाई माझ्यावर उभ्या होत्या.

बाई ठेंगण्या होत्या. पहिल्याच दिवशी त्यांचे डोके नायकाच्या छातीशी आले आणि कॅमेरामन ओरडला, "अहो, बाईंचा नुसता भांग दिसतोय! वर घ्या त्यांना!" मग सुतारकाकांनी घाईघाईने मला जन्माला घातले. मोडलेल्या सेटमध्ये राजवाड्याचे दार होते, त्याच्या फळ्या घेतल्या. माझ्या पोटाशी अजून त्या दाराचा सोनेरी रंग आहे आणि मला त्याचा थोडा गर्वही आहे. शेवटचा खिळा ठोकत असताना आतून हाक आली, म्हणून तो अर्धवट राहिला. तांदळाच्या दाण्याएवढा वर.

बाई चपला काढून माझ्यावर चढल्या. तेव्हा त्या एकोणीस वर्षांच्या होत्या. त्यांच्या टाचा थरथरत होत्या. डाव्या पायाच्या अंगठ्याला तो खिळा टोचला, तशा त्या दचकल्या. मग त्यांनी त्यावर अंगठा हळूच दाबून धरला आणि थरथर थांबली.

त्या दिवसापासून कॅमेरा सुरू होण्याआधी एकदा आणि थांबल्यावर एकदा, अंगठा खिळ्यावर. मला चेहरे दिसत नाहीत. मी माणसे तळपायांवरून ओळखतो. अंगठा दाबून झाला की माझ्यावर दुसरीच कुणीतरी उभी राहायची. नर्स टाचा जुळवून उभी राही. राणी पूर्ण पाऊल टेकवी, जणू मी तिच्या बापाचा होतो. आंधळी आधी बोटांनी चाचपडे. खाष्ट सासू सगळा भार उजव्या टाचेवर टाके. पस्तिसाव्या वर्षी बाई चाळिशीच्या नायकाची आई झाल्या, तेव्हा त्यांचे गुडघेसुद्धा म्हातारे झाले होते. लोक म्हणत, मूर्ती लहान पण कीर्ती महान. त्या मूर्तीला उचलून धरणारा कुणाला आठवत नसे, पण ते असो.

एकदा काकांनी चांगल्या मनाने तो खिळा ठोकून सपाट केला. त्या दिवशी बाईंना एक साधे वाक्य अकरा वेळा जमले नाही. शेवटी त्या खाली वाकल्या. "काका, माझा खिळा कुठे गेला?"

"टोचेल म्हणून ठोकला हो."

"काढा बाहेर. अहो, तो दाबला की मला कळतं, मी इथे उभी आहे. मग कुठेही जाता येतं. आणि परत यायला वाट तीच."

काकांनी पकडीने तो दाण्याएवढा वर ओढून दिला. पुन्हा कुणी त्याला हात लावला नाही.

बाईंची लेक लहानपणी सेटवर येई आणि आई माझ्यावरून उतरली की आधी विचारी, "आई, आज कोण आहेस?" बाई हसून म्हणत, "तुझीच." मगच ती बिलगायची.

पुढे बाईंच्या भूमिका बसक्या झाल्या. आरामखुर्चीतली आजी, खाटेवरची आजारी बाई. माझे काम संपले. गरज सरो, वैद्य मरो! मी गोदामात पडलो. भर दुपारी, पत्रा तापलेला असताना, माझ्यावर कुणीतरी चढे. कधी राणी, कधी नर्स. वर कुणीच नसे. बाई आता अंगठा न दाबताच त्या भूमिकांत जात होत्या आणि मग परत कशा येत असतील, या विचाराने माझ्या फळ्या आकसत.

माझी भीती खरी ठरली. एके दिवशी म्हातारे झालेले काका मला उचलून बाईंच्या घरी घेऊन गेले. बाई लेकीची नाडी बघत होत्या.

"ताप उतरलाय. घरच्यांना बोलवा."

"मीच घरची आहे, आई." लेक थकलेल्या आवाजात काकांना म्हणाली, "आठ महिने झाले. सकाळी नर्स, दुपारी सासू. माझी आई काही येत नाही."

"एकदा उभं करून बघू," काका म्हणाले.

"पडेल हो ती!"

पण दोघांनी दोन्ही दंड धरले आणि बाई वर चढल्या. अनवाणी. किती हलक्या झाल्या होत्या! आधी टाचा जुळल्या, मग उजवी टाच जड झाली, मग राणीचे पाऊल आले. मी जीव मुठीत धरून होतो. शेवटी आंधळी आली. तिची बोटे चाचपडत पुढे सरकली आणि अंगठा खिळ्यावर आला.

टाचा थरथरू लागल्या, अगदी पहिल्या दिवसासारख्या.

"अगं, हात सोडू नकोस. मला उंचावर भीती वाटते."

"आई? एवढ्याशा खोक्यावर?"

"पहिल्या दिवसापासून. आणि हे केस कधी कापलेस? मला विचारायची पद्धत आहे की नाही?"

लेक रडता रडता हसायला लागली. "विचारलं होतं गं."

पाव तासाने बाई उतरल्या आणि पुन्हा नर्स झाल्या. पण त्यानंतर लेक रोज सकाळी त्यांना माझ्यावर उभे करी. कधी बाई येत, कधी नुसतीच राणी येई. मग एका सकाळी कुणीच चढले नाही.

परवा माझी फळी बसवायला नवा सुतार आला होता. त्याने हातोडी उगारली. "हा वर आलाय. टोचेल कुणाला तरी."

"टोचू दे," लेक म्हणाली.

म्हणून मित्रांनो, जुन्या वस्तूची डागडुजी जरूर करा, पण हातोडी उचलण्याआधी घरात एकदा विचारा. जे तुम्हाला खुपते, त्यावर कुणाचा तरी पाय ठरलेला असतो.

सुतार गेल्यावर लेकीने चपला काढल्या आणि ती माझ्यावर चढली. अंगठा खिळ्यावर ठेवून तिने हळूच विचारले, "आई, आज कोण आहेस?"

खोलीत ती एकटीच होती. पण मी पायांवरून ओळखतो, मित्रांनो. लेकीच्या टाचा स्थिर होत्या, आणि त्यांच्या शेजारी आणखी दोन टाचा थरथरत होत्या.