पाव सेकंद

"हाही फोटो काळाच आलाय," विभागाच्या मॅडम संगणकाकडे बघत म्हणाल्या. "सकाळपासूनचा हा सातवा. तुमच्या हातून असं कधी झालं नव्हतं."

"नळ्यांचा दोष आहे," दगड म्हणाला. "प्रकाश खातात."

संग्रहालयाच्या कीटक विभागात एकतीस वर्षं फोटो काढणाऱ्या या माणसाला सगळे दगड म्हणत. डोक्यावरून नव्हे, हातावरून. इमारत जुनी, जमीन लाकडी फळ्यांची. वरच्या मजल्यावर कुणी शिंकलं तरी कॅमेऱ्याचा स्टँड हलायचा. पण हा श्वास रोखून बटणावर बोट टेकवायचा आणि मुंगीच्या मिशीवरचे केस मोजून घ्यावेत असा फोटो यायचा. ते नाव त्याला पगारापेक्षा प्यारं होतं.

आज टेबलावर टाचणीला चिकटवलेली एक गांधीलमाशी होती, तांदळाच्या कणीएवढी. तिच्या जातीची एवढी एकच माशी आजवर सापडलेली, दुसऱ्या संग्रहालयाकडून उसनी आणलेली. तीन वाजता तिचा डबा परत जायचा होता. एवढ्या बारीक जिवासाठी कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये तिन्ही नळ्या लावाव्या लागतात. नळ्या म्हणजे नुसत्या पोकळ कड्या, आत काचही नाही. लेन्स पुढे सरकते, माशी मोठी दिसते, पण होता तेवढाच प्रकाश पसरून पातळ होतो.

"तीनपर्यंत नीट फोटो मिळाला नाही तर बाहेरचा माणूस बोलवावा लागेल," मॅडम जाता जाता म्हणाल्या. "आणि मग पुढची कामंही त्यालाच जातील. वाईट वाटून घेऊ नका."

दगडाला वाईट वाटायलाही फुरसत नव्हती. तो दारापर्यंत जायचा, खिडकीपर्यंत यायचा, घड्याळ बघायचा, पुन्हा दाराकडे. नळ्या काढून पुसून झाल्या. दिवे इतके जवळ ओढले की लेन्सचीच सावली माशीवर पडली. लेन्सचं छिद्र मोठं केलं तर डोळा तेवढा स्पष्ट आला आणि पंखांचा धूर झाला. कॅमेऱ्याची संवेदनशीलता वाढवली, तर माशीच्या अंगावर कुणी मूठभर रेती टाकल्यासारखा दाणेदार फोटो. येरझाऱ्या घालताना उजवा हात मात्र खिशातून बाहेर येत नव्हता.

खरा उपाय त्याला सकाळपासून ठाऊक होता. कॅमेऱ्याचा पडदा, म्हणजे शटर, पाव सेकंद उघडा ठेवायचा, की झालं. पण पाव सेकंद म्हणजे त्याच्या बोटाला आता युगच होतं. सात महिन्यांपासून हात थरथरत होता. आधी फक्त शर्टाची बटणं लावताना, मग कुलपात किल्ली घालताना. मोठ्या किड्यांना नळ्या लागत नाहीत, प्रकाश भरपूर असतो. पडद्याचा वेग वाढवून त्याने आजवर निभावून नेलं होतं. या कणीएवढ्या माशीपुढे मात्र सगळ्या युक्त्या संपल्या. घरी बायको दोन महिन्यांपासून त्याला चहा अर्धाच कप देत होती. का, ते त्याने विचारलं नव्हतं आणि तिने सांगितलं नव्हतं.

"काय झालं रे?" पलीकडच्या टेबलावरून लेबलवाली उठून आली. किड्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या मुंगीएवढ्या अक्षरात लिहिणारी ही बाई त्याच्याच वर्षी नोकरीला लागलेली, म्हणून दोघांत अरे-तुरे.

"नळ्या जुन्या झाल्यात."

"जुने तर आपणही झालोय. नाचता येईना अंगण वाकडं, असं नको करूस."

तिच्या हातात दोन कागद होते. प्रत्येक फोटोमागे दगड एक कागद भरायचा: किती नळ्या, केवढं छिद्र, पडदा किती वेळ उघडा. ते फाइलला लावायचं काम तिचं. तिने दोन्ही शेजारी शेजारी ठेवले. एक चार वर्षांपूर्वीचा, एका इवल्या भुंगेऱ्याचा. दुसरा आजचा.

"नळ्या तीनच. दिवे तेच. छिद्र तेच," ती म्हणाली. "तेव्हा पाव सेकंद. आज सेकंदाचा साठावा भाग. काळा नाही येणार तर काय होईल?"

कागदावर खोटं लिहायचं त्याला सुचलंच नव्हतं. तिने बोट आकड्यांवरून काढून अक्षरावर ठेवलं. जुन्या कागदावरची ओळ सरळ होती. आजच्या कागदावर प्रत्येक गोलाईला कोपरे आले होते.

"अक्षर हा माझा धंदा आहे," ती हळू आवाजात म्हणाली. "उन्हाळ्यापासून बघतेय."

"मग बोलली का नाहीस?"

"झाकली मूठ सव्वा लाखाची. मूठ तुझी, मी कशाला उघडू?"

दगड खुर्चीत बसला. त्याने हात खिशातून काढून टेबलावर ठेवला. दोघांनी तो हलताना पाहिला. त्याला भीती वाटत होती, आणि कुणीतरी पाहिलं म्हणून बरंही वाटत होतं.

"वहिनींना माहीत आहे?"

"अर्धाच कप चहा देते."

"म्हणजे माहीत आहे." ती थोडी थांबली. "टायमर लाव."

"टायमर सहलीला गेलेल्यांनी लावायचा. बटण दाबायचं आणि पळत जाऊन घोळक्यात उभं राहायचं."

"मग तू पळू नकोस."

अडीच वाजले होते. दगडाने पाव सेकंद लावला, टायमर दहा सेकंदांवर ठेवला आणि बटण दाबलं. बोटाबरोबर स्टँड हलला. तो मागे सरकला. कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लुकलुकू लागला, स्टँड हळूहळू शांत झाला. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच त्याच्याशिवाय फोटो निघत होता, आणि त्याला नुसतं उभं राहायचं होतं. त्याने दोन्ही हात पाठीमागे बांधले. फळी करकरू नये म्हणून लेबलवालीने पाऊलही हलवलं नाही. मग पडदा उघडला आणि मिटला.

मॅडमनी फोटो मोठा करून पाहिला. पंखांची एकेक शीर दिसत होती. "शेवटी दगड तो दगड," त्या म्हणाल्या.

गप्प बसला असता तरी चाललं असतं.

"टायमरने काढलाय, मॅडम. माझा हात थरथरतो. सात महिने झाले. तुमच्यापासून लपवलं."

मॅडमनी फोटो बंद केला. "आधी डॉक्टरांना दाखवा," त्या म्हणाल्या. "मग कामाचं बघू." तीन वाजता माशीचा डबा गेला. दगडाने त्या फोटोचा कागद भरायला घेतला.

"दे, मी लिहिते नीट," लेबलवाली म्हणाली.

"नको. आहे तसं राहू दे."

संध्याकाळी घरी बायकोने समोर अर्धा कप ठेवला.

"पूर्ण भर," तो म्हणाला.

ती किटली धरून क्षणभर उभी राहिली. मग तिने कप काठोकाठ भरला आणि त्याच्यासमोर बसली. त्याने तो उचलला. चहा मनगटावरून ओघळला, टेबलावर सांडला. फडकं तिच्या हाताशीच होतं. पण त्याचा कप पिऊन होईपर्यंत तिने ते उचललं नाही.