जस्ताचा रोग

अप्पांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी हॉस्पिटलात दाखल करून त्यांची सून घरी आली आणि तिने त्यांच्या गाड्यांचं कपाट पुसायला घेतलं. खेळण्यातल्या गाड्या होत्या त्या, ओतीव धातूच्या, तळहातावर मावणाऱ्या, एकूण एकोणीस. अप्पा बस डेपोत फिटर होते. दिवसभर मोठ्या गाड्यांच्या पोटाखाली झोपून आलेला माणूस संध्याकाळी पुन्हा गाड्यांपुढेच काय बसतो, हे सासूबाईंना शेवटपर्यंत उमगलं नाही. तीन वर्षांपूर्वी नजर धूसर झाली आणि एक गाडी हातातून निसटली, तेव्हा अप्पांनी कपाटाला कुलूप घालून किल्ली सुनेकडे दिली होती. नीट दिसायला लागेल तेव्हाच आता हात लावीन, म्हणाले. तेव्हापासून तीही बाहेरून काचेवर फडकं फिरवण्यापलीकडे जात नसे.

आता त्यांना दिसणार होतं. म्हणून तिने कुलूप काढलं, तपकिरी टपालगाडी उचलली, आणि छप्पर तेवढं तिच्या बोटांत राहिलं. उरलेली गाडी शिळ्या बिस्किटासारखी फळीवर भुरभुरली.

कारखान्याने हा तपकिरी रंग एकच वर्ष काढला होता, पाहुण्यांना अप्पा आधी हीच गाडी दाखवत. तिने एकेक करून बाकीच्या उजेडात धरल्या. कितीतरी गाड्यांच्या बॉनेटवर, दारांवर केसासारखे बारीक तडे होते. मागे हात लावला तर भिंत गार आणि ओलसर. पलीकडे बाथरूम. खिडकीपाशी शिलाई मशीनला जागा हवी म्हणून कपाट इथे सरकवलं होतं ते तिनेच. लोकांच्या पँटी आखूड करायच्या, चेन बदलायच्या, त्याला उजेड लागतो. अप्पा तेव्हा बरं म्हणाले होते.

नवरा जहाजावर स्वयंपाकी, सहा-सहा महिने बाहेर. फोनवर तो म्हणाला, "दुसरी आणून ठेव ना." जसा काही बल्ब गेला होता.

डब्यात तो चुरा घेऊन ती कोपऱ्यावरच्या घड्याळजीकडे गेली. त्याच्या दुकानात घड्याळांपेक्षा अशा गाड्याच जास्त. डोळ्याला भिंग लावून त्याने तुकडे बराच वेळ पाहिले. मग म्हणाला, हा जस्ताचा रोग. ओततानाच जस्तात शिसं मिसळलं गेलं तर धातू आतून फुगतो, तडकतो. औषध नाही. डिंक लावला तर डिंक तेवढा राहील.

"म्हणजे माझ्यामुळे नाही झालं?" तिने विचारलं.

"ओल लागली की लवकर मरते," घड्याळजी म्हणाला. "नाहीतर उशिरा."

दुसरी कुठे मिळेल विचारलं, तर लोक दहा-दहा वर्षं शोधतात म्हणाला. तिच्याकडे चार दिवस होते. अप्पांची साखर वाढली होती, ती उतरेपर्यंत ऑपरेशन थांबलं होतं, एवढाच काय तो आधार. तिचा चेहरा बघून घड्याळजीने तिला स्टुलावर बसवलं आणि नवशिक्याला शिकवतात तसं शिकवलं. गाडी हातात आली की आधी उलटी करायची. तळाचे रिव्हेट बघायचे, घासलेले किंवा त्यांच्या जागी स्क्रू दिसला तर कुणीतरी ती उघडली आहे. चाकं त्याच काळातली हवीत. आणि रंग फार चकचकीत दिसला की हात मागे घ्यायचा.

पुढचे तीन दिवस तिने मशीनला हात लावला नाही. सकाळी अप्पांना डबा पोचवायचा आणि तिथूनच निघायचं. भंगारवाले झाले, जुन्या बाजारातल्या पथाऱ्या झाल्या, घड्याळजीने पत्ते दिलेले दोन शौकीन झाले. त्यांच्यातल्या एकाकडे तशी टपालगाडी होती, पण हिरवी, आणि तीही तो विकायला तयार नव्हता. ती त्याच्या दारात रडली, तेव्हा त्याने पाणी दिलं आणि दार लावून घेतलं. डबा नेला की अप्पा विचारत, कपाट पुसलंस ना? ती हो म्हणायची. त्यांना तिचा चेहरा दिसत नव्हता, हेच तेव्हा बरं वाटायचं.

चौथ्या दिवशी, अप्पा आत ऑपरेशनच्या टेबलावर असताना, जुन्या बाजारातल्या एका माणसाने टोपलीतून तपकिरी टपालगाडी काढून तिच्या हातावर ठेवली. तिने ती उलटी केली. रिव्हेटच्या जागी दोन स्क्रू. दारापाशी तपकिरी रंगाखालून हिरवा डोकावत होता. खोटी आहे हे तिला उघड उघड कळत होतं. तरीही तिने ती घेतली.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. अप्पा घरी आले ते चपला काढून सरळ कपाटाकडे. टपालगाडी उचलली, उलटी केली आणि जागेवर ठेवली. मग दुसरी घेतली, तिसरी घेतली. तिला ते सहन होईना. तिने चुऱ्याचा डबा आणून त्यांच्यापुढे ठेवला आणि सगळं सांगितलं, भिंतीचं, मशीनचं, घड्याळजीचं.

अप्पांनी चुऱ्यात बोट फिरवलं. "तुझी चूक नाही असं म्हणू?" ते म्हणाले. "थोडी आहे. कपाट सरकवलंस तेव्हा मीही बोललो नाही, ती माझी. पण ही खोटी ठेवलीस ना, हे लागलं. डोळे उघडल्यावर पहिली गोष्ट ही बघितली मी."

त्या दिवशी ते जेवले नाहीत. पुढचे दोन दिवस डोळ्यांत थेंब घालायला तिच्यापुढे मान वर करत, तेवढाच संबंध. तिने एका गिऱ्हाइकाच्या पँटीचा एक पाय दुसऱ्यापेक्षा दोन बोटं आखूड शिवला आणि उसवत बसली. हे घर आता असंच राहणार, असं तिच्या मनाने घेतलं.

तिसऱ्या दुपारी अप्पांनी हाक मारली. टेबलावर वर्तमानपत्र पसरून, खोटी तेवढी वगळून, त्यांनी सगळ्या गाड्या मांडल्या होत्या. लाल अग्निशमन गाडी तिच्याकडे सरकवत म्हणाले, "ही तू बघ. माझ्याच्याने बघवत नाही."

ती त्यांच्या पहिल्या पगाराची गाडी होती. तिने ती उजेडात धरली, हळूच उलटी केली, शिडीच्या खालून बोट फिरवलं.

"तडा आहे, अप्पा. मागच्या चाकापासून वरपर्यंत."

अप्पांनी मान हलवली आणि ती डावीकडे ठेवली. संध्याकाळपर्यंत डावीकडे अकरा झाल्या, उजवीकडे सात. कपाट दोघांनी मिळून आतल्या कोरड्या भिंतीला ओढलं. सात गाड्या वरच्या फळीवर गेल्या. अकरांना टाकायचं नाही, असं अप्पांनी ठरवलं, त्या खालच्या फळीवर राहिल्या. रोज सकाळी त्यांच्याखाली थोडी करडी पूड साचते. अप्पा ती ब्रशने गोळा करतात, आणि कोणत्या गाडीची किती, ते ती बघून सांगते.