डाव्या खांद्याची चुणी

मास्तरांनी पावाच्या शेवटच्या तुकड्याने सूपचा वाडगा पुसला, तुकडा तोंडात टाकला आणि मांडीवरच्या वहीत लिहिलं : 'उंच वेटर पुढे झुकून चालतो. पाठीची लांबी अर्धा इंच जास्त.'

"मावशी, तू जेवायला आलीयस की मापं घ्यायला?" समोर बसलेल्या भाचीने विचारलं.

"दोन्ही. पोट एक आहे, डोळे दोन आहेत."

मास्तर बाई होत्या. त्यांच्या वडिलांना सगळे मास्तर म्हणत. ते गेल्यावर दुकान त्यांच्याकडे आलं आणि दुकानाबरोबर हाकही आली. पहिल्या वर्षी गिऱ्हाईकं अडखळायची. आता 'मास्तर आहेत का' असं विचारून कोणी आत आलं आणि समोर बाई दिसली, तर त्याचं काय करायचं ते त्यांना माहीत होतं. त्या नुसती टेप गळ्यात घालत आणि म्हणत, "बोला."

हे रेस्टॉरंट हंगामागणिक मेन्यू बदलायचं आणि मेन्यूबरोबर वेटरांचे कोटही. या शहरात माणसं जेवायला येत तशी दिसायलाही येत, आणि मालकीणबाईंचं म्हणणं असं, की पाहुणा नव्या कपड्यात येणार असेल तर वाढणारा जुन्या कपड्यात उभा राहू शकत नाही. यंदाचं काम त्यांनी मास्तरांना पहिल्यांदाच दिलं होतं. चौदा कोट, रंग लिंबाच्या सालीचा, बेतणी अंगाबरोबर. मापांसाठी जुने कोट पाठवले होते. मास्तरांनी ते मोजले, पण कात्री लावली नाही. आधी माणसं काम करताना बघायची, मग कापड कापायचं, ही त्यांची रीत. टेप माणूस उभा असताना कसा आहे ते सांगते. वेटर दिवसातून किती वेळ नुसता उभा असतो?

सहा नंबरचं टेबल भिंतीला लागून होतं. भिंतभर आरसा होता आणि आरशात अख्खा हॉल दिसत होता. मान न वळवता बघता येत होतं, म्हणून मास्तरांनी ते टेबल मागून घेतलं होतं.

"सगळीकडे घट्टच आहे यंदा," भाची फोनवर बोट सरकवत म्हणाली. "कंबर घट्ट, बाही घट्ट. गेल्या वर्षी तंबूत राहायचे, यंदा सगळे बाटलीत शिरलेत. आणि रंग बघ. गेल्या वर्षी मोहरी, यंदा लिंबू."

"पुढच्या वर्षी मीठ," मास्तर म्हणाल्या. त्यांचं लक्ष आरशात होतं.

किचनच्या दारातून भाजलेला अख्खा मासा निघाला होता. या रेस्टॉरंटची तीच ओळख होती. लांबोळं ताट एका हातावर, बसलेल्यांच्या डोक्यांवरून तरंगत यायचं. टेबलांमधली वाट इतकी अरुंद की ताट खांद्याच्या वर धरल्याशिवाय माणूस जाऊच शकत नसे. आज ताट हेड वेटरच्या हातात होतं. सगळे त्याला कप्तान म्हणत. साठीला टेकलेला, सव्वीस वर्षं याच फरशीवर. तो दारातून निघाला, ताट छातीपाशी दोन्ही हातांनी धरलं, दोन पावलांवर थांबला, एका तरुण वेटरला मान हलवून बोलावलं आणि ताट त्याच्याकडे असं सोपवलं, जणू मान देतोय. पोरगा खूश झाला. पाहुण्यांना तो शिष्टाचार वाटला.

मास्तरांना वाटला नाही. पुढच्या अर्ध्या तासात कप्तानाने हे तीनदा केलं. एकदा वरच्या फळीवरचा पेला काढायला तो चक्क स्टुलावर चढला.

त्यांनी वहीत लिहिलं : 'कप्तान. डावा खांदा वर जात नाही. लपवतो.' आणि खाली : 'सगळे जण ताट डाव्या हातावर नेतात.'

बाहेर पडताना मालकीणबाई दाराशी भेटल्या. काळा झगा, कानात काही नाही, केस मानेवर घट्ट.

"बघून झालं?"

"झालं. माशात लिंबू थोडं जास्त होतं."

"तो रंगाचा प्रभाव," मालकीणबाई हसल्या. मग हसू आवरून म्हणाल्या, "मास्तर, कोट अंगाबरोबर म्हणजे अंगाबरोबर. नव्या मेन्यूच्या पहिल्या दिवशी दुपारी सगळं शहर येणार आहे. मासा प्रत्येकाने एकेकदा न्यायचा, डोक्यावरून. ज्याला तो कोट शोभणार नाही, त्याला मी आत भांडारात पाठवणार. वय कोणाचंही असो."

वय एकाचंच होतं. मास्तर म्हणाल्या, "शोभेल."

दुकानात आल्यावर त्यांनी तपकिरी कागदावर कोटाची पाठ आखली आणि डाव्या खांद्यामागे, बाही जोडतात त्या मुंढ्याच्या कडेने, एक खोल चुणी काढली. हात खाली असला की मिटलेली, दिसेल न दिसेल अशी. हात वर गेला की उघडणारी. अंगाबरोबर बेतलेल्या कोटात हात वर केला की कोट कमरेपासून वर चढतो आणि कुठे अडलंय ते सगळ्या हॉलला दिसतं. चुणी असली की जेमतेम वर जाणारा हातही सहज गेल्यासारखा दिसतो.

"एकट्या कप्तानाच्या कोटाला?" भाचीने विचारलं.

"एकट्याला दिली तर ती खोट. चौदाजणांना दिली तर ती फॅशन."

नमुन्याचा कोट बघून मालकीणबाईंनी चुणीत बोट घालून पाहिलं. "हे मी कुठे बघितलं नाही."

"बघितलं असतं तर आतापर्यंत जुनं झालं असतं," मास्तर म्हणाल्या. "यंदा एका खांद्याला चुणी. हेच चालणार आहे."

मालकीणबाईंनी त्यांच्याकडे जरा वेळ बघितलं आणि मान डोलावली. ठाम बोलणाऱ्याची कदर त्यांना होती. त्यांचा सगळा धंदा त्यावर चालला होता.

ट्रायल पहिल्या दिवसाच्या नऊ दिवस आधी झाली, दुपारी तीन वाजता, हॉल रिकामा असताना. लिंबाच्या सालीचे चौदा कोट खुर्च्यांच्या पाठींवर टांगले होते. उंच वेटरने आपला चढवला, बटणं लावली, वळून स्वतःवर खूश झाला आणि सवयीने कोपऱ्यातलं ताट उचलून खांद्यावर नेलं. उजव्या हाताने.

कोट बगलेतून ताणला, कमरेवरून वर चढला, मधलं बटण तुटून फरशीवर घरंगळलं.

"दुसऱ्या हाताने," मास्तर म्हणाल्या.

"दुसऱ्या हाताने कोण नेतं?" वेटर म्हणाला. "आम्ही सगळे उजव्यानेच नेतो."

मास्तर सहा नंबरच्या टेबलाकडे वळल्या. खुर्ची होती तिथेच होती, आरशाकडे तोंड करून. आरशात त्यांना लिंबू रंगाचे वेटर दिसले, त्यांच्यातला एक डाव्या हातात ताट घेऊन उभा होता. त्यांनी मागे वळून पाहिलं. ताट उजव्या हातात होतं.

भाची जवळ सरकली. "मावशी," ती हळू आवाजात म्हणाली, "हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात. तू तर माणसांना आरसा लावलास."

"गप्प बस."

सगळं आयुष्य आरशापुढे गेलेलं. रोज चार गिऱ्हाईकांना 'आरशात उलटं दिसतं हो' म्हणून समजावणारी बाई. मास्तरांनी टेप गळ्यातून काढली, गुंडाळली, परत उलगडली. चुणी पाठीच्या कापडातच बेतलेली होती. ती एका बाजूची काढून दुसऱ्या बाजूला लावता येत नाही. त्या रंगाचं कापड गिरणीत उरलं नव्हतं, ते त्यांनी स्वतःच सगळं उचललं होतं. मालकीणबाई अजून वर ऑफिसात होत्या.

कप्तान शेवटी आला. त्याने कोट घेतला आणि आधी उजवा हात बाहीत घातला, सावकाश, हात खालीच ठेवून. मग डावा. दुखरा हात नेहमी आधी जातो. हे मास्तरांना शिकवायला कोणी लागत नव्हतं. उजवा.

बाकीचे बटण शोधत होते. कप्तान मास्तरांसमोर येऊन उभा राहिला, डावा हात वर केला, पार कानाच्या वर. पाठीमागे चुणी उघडली, कोट कमरेवर जागचा हलला नाही. त्याने हात खाली घेतला. परत वर केला.

"मास्तर, त्या दिवशी तुम्ही आरशाकडे तोंड करून बसला होतात."

"हो."

"म्हणजे तुम्हाला दिसलं होतं."

"उलटं दिसलं," मास्तर म्हणाल्या. "चूक माझी आहे. मालकीणबाईंना मी आत्ताच सांगते. कोट परत नेते, दुसरं काही—"

"थांबा." त्याने परत हात वर केला. त्याचं लक्ष मास्तरांकडे नव्हतं, स्वतःच्या पंजाकडे होतं. "या हाताने सव्वीस वर्षांत नुसता रुमाल धरलाय. अजून नवाकोरा आहे." मग तो म्हणाला, "तुमच्या दुकानात दुपारी तीन ते पाच मला थोडी जागा मिळेल? इथे नको. इथे सगळे बघतात."

दुसऱ्या दिवसापासून तो यायचा. दुकानात मासा नव्हता, म्हणून मास्तरांनी ट्रेवर लोखंडी इस्त्री ठेवली. दोन शिलाई मशीन, कटिंगचं टेबल आणि कापडाच्या घोड्या यांच्यामधून जी वाट उरत होती ती हॉलमधल्या वाटेपेक्षाही अरुंद होती. पहिल्या दिवशी इस्त्री दोनदा पडली. दुसऱ्यांदा ती भाचीच्या पायाशी पडली.

"कप्तान, मासा मेलेला असतो ना तुमच्याकडे?" भाची म्हणाली. "हा उड्या मारतोय."

"तुमचा मासा पाच किलोचा आहे, ताई."

"मग वजन बघूनच वाढा. माझा पाय मेन्यूत नाही."

तिसऱ्या दिवशी इस्त्री पडली नाही. पाचव्या दिवशी मास्तरांनी इस्त्रीच्या शेजारी पाण्याने काठोकाठ भरलेला पेला ठेवला. कप्तानाने त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि ट्रे उचलला. पेल्यातलं पाणी ट्रेवर सांडलं, पण फरशीवर आलं नाही. सातव्या दिवशी तो आलाच नाही. आठव्याही दिवशी नाही. मास्तर पाच वाजेपर्यंत दाराकडे बघत हाती येईल ते शिवत राहिल्या आणि एका झग्याची कॉलर उलटी लावून बसल्या.

नव्या मेन्यूच्या पहिल्या दिवशी दुपारी सहा नंबरचं टेबल मास्तरांसाठी राखून ठेवलेलं होतं. मास्तरांनी या वेळी खुर्ची फिरवून घेतली आणि हॉलकडे तोंड करून बसल्या. शहर खरंच आलं होतं. घट्ट कंबरा, अरुंद बाह्या, लिंबू, फिकट लिंबू, लिंबू आणि काळा. पेल्यांचा आवाज, नव्या बुटांचा आवाज, 'हे कुठून घेतलंस' हा प्रश्न सात टेबलांवरून. मालकीणबाई किचनच्या दाराशेजारी उभ्या होत्या, हाताची घडी घालून.

दार उघडलं. उंच वेटर ताट घेऊन निघाला. ताट खांद्याच्या वर, डाव्या हातावर. पाठीमागे चुणी उघडलेली, कोट कमरेवर बसलेला. त्याच्या मागून दुसरा. डावा हात. तिसरा. बाजूच्या टेबलावरच्या एका बाईने मान वळवून कोटाची पाठ पाहिली आणि सोबतच्या माणसाला कोपराने ढोसलं.

"गेले दोन दिवस दुपारी कप्तान सगळ्यांना घेऊन इथल्या मागच्या अंगणात होते म्हणे," भाची पुटपुटली. "रिकाम्या ताटात विटा घालून. आत्ता उंच वेटर सांगत होता. कप्तानाने हुकूम काढला, कोट असा आहे, तर हात असा."

मालकीणबाई टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांची नजर रांगेवर होती.

"मास्तर, एकजात सगळे डाव्या हाताने."

"हो."

"हेही यंदाचंच का?"

मास्तरांनी रुमाल उलगडून मांडीवर घेतला. "यंदाचंच."

मालकीणबाईंनी किचनच्या दाराकडे पाहिलं. दार परत उघडलं होतं आणि शेवटचं ताट निघालं होतं, कप्तानाचं. तो घाईत नव्हता. ताट एका फुगीर केशरचनेवरून, मग एका टोपीवरून, मग सरकलेल्या खुर्चीला वळसा घालून आलं. मालकीणबाईंनी हाताची घडी सोडली आणि त्याला वाट देण्यासाठी एक पाऊल मागे सरल्या. सव्वीस वर्षांत त्यांनी कोणासाठी ते केल्याचं कोणी पाहिलं नव्हतं.

कप्तानाने ताट सहा नंबरवर ठेवलं.

"काटे काढून देऊ, मास्तर?"

"द्या."

त्याने सुरी उजव्या हातात घेतली. टेबलाच्या उंचीवर त्या हाताला काहीच अडत नव्हतं. शेपटीपासून डोक्यापर्यंत एक रेघ गेली, वरची बाजू अलगद उघडली, आणि मधला काटा अखंड, एकही टोक न तुटता, बाहेर आला.