उशाखालचं लोखंड

दवाखान्यातलं प्रशिक्षण आटोपून अंजनी सदर भागातून ऑटोनं घरी आली, तेव्हा चिमीनं पुन्हा दूध ओकलं होतं.

"सकाळपासून हेच करून राहिली," सासूबाई म्हणाल्या. "दात येत असतील. पण तू काहून अशी पांढरीफटक पडली?"

अंजनी नर्स होती. रक्ताला घाबरणारी नव्हती. पण आज डॉक्टर अच्युतांनी पडद्यावर बोटाच्या पेराएवढा एक चकचकीत तुकडा दाखवला होता. लोखंडातल्या भेगा तपासायच्या यंत्रातला, किरणोत्सारी. तो हरवून भंगारात गेला, की कुणीतरी हौसेनं घरी नेतो. त्याला ना वास, ना धग. आधी उलट्या, मग कातडी लाल. असं काही दिसलं तर हात लावायचा नाही, लांब व्हायचं, कळवायचं.

लेकीला उचलायला ती पाळण्यावर वाकली. चिमीच्या कानामागे लाल चट्टा होता, आणि उशीखालून काहीतरी चमकत होतं.

"आई, हे काय?"

"लोखंड. दृष्ट लागू नये म्हणून लेकराच्या उशाशी नको? अडकित्ता टोचेल म्हणून श्रीरंगनं वर्कशॉपमधून हे गुळगुळीत आणलं."

अंजनीनं चिमीला छातीशी धरलं, सासूबाईंचा दंड पकडला आणि दोघींना घेऊन थेट गल्लीच्या टोकाशी गेली. तिथून आधी डॉक्टरांना फोन केला, मग नवऱ्याला.

श्रीरंग हसला. "भंगारातलं आहे गं. कशाचं, ते मला काय माहीत? गोहलपूरच्या भंगारबाजारातून वर्कशॉपमध्ये पोत्यांनी येते. चमकून राहिलं होतं, आणलं."

"घरात जाऊ नका," एवढंच तिच्या तोंडून निघालं.

समोरची दीदी ओरडून विचारत होती, "क्या हुआ, भाभी?" चिमी दुधासाठी तोंड वळवत होती. अंजनीनं पदराआड घेतलं, पण नजर त्या चट्ट्यावरून हलेना.

"माझ्याच हातानं ठेवलं गं मी," सासूबाई पुटपुटल्या.

डॉक्टर किरणोत्सर्ग मोजायचा मीटर घेऊन आले आणि एकटेच आत गेले. उघड्या दारातून मीटरचं टक... टक... गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येत राहिलं. रिकाम्या खोलीतही ते असंच वाजतं, हे सकाळीच शिकवलं होतं. तरी अंजनी प्रत्येक टक मोजत राहिली. टकटक वाढली नाही.

तुकडा तळहातावर घेऊन ते बाहेर आले. "साधं पोलाद. कुठल्यातरी यंत्राची पिन." मग मीटर चिमीवरून फिरवला. "काही नाही. चट्टा घामोळ्याचा वाटतो. ओकारीसाठी मुलांच्या डॉक्टरांना दाखवून घ्या. फोन केलात, बरं केलंत."

अंजनी तिथल्याच एका घराच्या पायरीवर बसली.

संध्याकाळी पाळण्यात उशाशी काहीच नव्हतं. "नको बाई आता," सासूबाई म्हणाल्या.

अंजनी बराच वेळ त्या मोकळ्या जागेकडे बघत राहिली. मग स्वयंपाकघरातून लग्नातला जुना अडकित्ता आणला, चिंधीत घट्ट गुंडाळला आणि स्वतःच्या हातानं उशीखाली सारला.