बाईंच्या घराखालची भेग

भूगोलाच्या बाईंनी सुताराला तेच दार दुरुस्त करायला सलग चौथ्या वर्षी बोलावलं, तेव्हा त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दार स्वयंपाकघर आणि झोपायच्या खोलीमधलं, त्यानेच बसवलेलं. दरवर्षी अडकायचं, दरवर्षी तो रंधा मारून द्यायचा.

"तुमचं लाकूड कच्चं होतं," बाई म्हणाल्या. त्या निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण आवाज अजून वर्गातलाच.

"बाई, लाकूड सागाचं आहे. माझ्या सासऱ्याच्या घराला तेच वापरलंय, तिथे काही बोंब नाही."

या वेळी त्याने रंध्याला हात न लावता चौकटीचा काटकोन तपासायला गुण्या लावला. चौकट एका अंगाला कलली होती. खालची फरशी तडकली होती. तडा भिंतीखालून अंगणात गेला होता. सुतार त्याच्या मागे निघाला. पुढे न्हाव्याच्या दुकानाची पायरी दोन तुकडे होऊन एकमेकांपासून चार बोटं सरकली होती. त्यापुढे शाळेची सरळ भिंत मध्येच वाकडी झाली होती. सगळं एका रेषेत.

दुसऱ्या दिवशी तो भूगर्भ खात्याच्या कचेरीत गेला. तिथल्या तरुण अधिकारी बाई लगेच भूगोलाच्या बाईंच्या घरी आल्या, तड्यावर बसून मोजमाप घेतलं आणि म्हणाल्या, "जमिनीचं कवच म्हणजे मोठमोठ्या तुकड्यांचं आहे. त्यातले दोन तुकडे इथे एकमेकांना घासत चाललेत. वर्षाला साधारण दोन सेंटीमीटर. गावामागचा डोंगर आहे ना? तिथे ही रेषा वळते, त्यामुळे जमीन दाबली जाऊन वर आली. लाखो वर्षांत."

"म्हणजे माझं काम चुकलं नव्हतं," सुतार म्हणाला. त्याने तिघांच्या चेहऱ्यांकडे आळीपाळीने पाहिलं, तिसरा चेहरा न्हाव्याचा; आपल्या पायरीचं काय, हे ऐकायला तोही आला होता.

बाईंनी चष्मा सावरून तड्याकडे पाहिलं. "तीस वर्षं मी हे शिकवलं. परीक्षेत दहा गुणांना विचारायचे. मला वाटायचं, हे समुद्राखाली कुठेतरी असतं."

अधिकारी बाईंनी स्पष्ट सांगितलं, रेषेवर घर ठेवायचं नाही, एखाद्या दिवशी हिसका बसला तर वरची भिंत राहणार नाही. एका बाजूला व्हा.

"कोणत्या?" बाईंनी विचारलं.

"रेषेपासून लांब असली तर कोणतीही."

बाईंनी स्वयंपाकघराची बाजू धरली. त्यांच्या मते त्या बाजूला ऊनही बरं येई. सुताराने मधलं दार, भिंत, दोन्हीकडच्या खोल्यांचा एकेक खण पाडून मध्ये मोकळा पट्टा सोडला आणि स्वयंपाकघराच्या मागे नवी खोली बांधली. पलीकडे उरलेल्या खोलीत त्याने स्वतःचं दुकान थाटलं. बाईंनीच सांगितलं होतं, रिकामी ठेवून काय करू.

शाळेने बाईंना या तड्याबद्दल मुलांशी बोलायला बोलावलं. त्या म्हणाल्या, मुलांना इकडेच पाठवा. चाळीस मुलं मोकळ्या पट्ट्यात उभी केली, अर्धी तड्याच्या या बाजूला, अर्धी त्या.

एक मुलगी घाबरून पाय जवळ घेत म्हणाली, "बाई, आम्ही खरंच हलतोय?"

"हो. आणि कुजबूज नको," बाई म्हणाल्या, "हललात तरी रांग मोडायची नाही."