साच्यातला चेहरा

मुलांनो, एक डोळा मिटा बरं. समोरच्या भिंतीवर पांढराफटक चेहरा टांगलाय असं समजा. तुम्ही डावीकडे सरकलात की तो मान वळवतो. उजवीकडे गेलात, तरी पुन्हा तुमच्याकडेच! भरली ना धडकी?

छोटीलाही भरली. नाटकाचे मुखवटे बनवणाऱ्या आत्याच्या कारखान्यात ती पहिल्यांदाच आली होती, आणि आल्या आल्या बाबांच्या शर्टाला चिकटली.

"आत्या, तो बघतोय माझ्याकडे!"

"कोण, तो?" आत्याने ब्रश खाली ठेवला. "अगं, साचा आहे तो. नुसता खड्डा. नाक आत गेलंय बघ त्याचं."

"बाहेर आलंय!"

"आत."

बाबा उगीच हसले. "असू दे ना ताई."

हे 'असू दे' आत्याच्या चांगल्याच ओळखीचं होतं. तिला स्किझोफ्रेनिया होता. एके काळी नसलेली माणसं तिला पडद्यामागे दिसायची. गोळ्यांनी ते पुष्कळ निवळलं, पण घरातला नियम राहिला: आत्याला काही दिसलं, तर आधी बाबांना विचारायचं. आत्या तो मुकाट्याने पाळायची. भाचीनेही आपल्याला तसंच पडताळून घ्यावं, हे मात्र तिला सोसवेना.

"बरं, तुझ्या बाबाला विचार. काय दिसतंय रे तुला?"

बाबांनी निरखून पाहिलं. "बाहेरच आलंय की. चांगलं गरगरीत नाक आहे."

"मग घाल गं त्या नाकात बोट," आत्या म्हणाली. "शेंबूड नाहीये, घाबरू नकोस."

छोटी फिसकन हसली. शर्ट सोडून पुढे गेली. नाक लागायला हवं होतं तिथे काहीच लागलं नाही. बोट आपलं आत, आणखी आत.

"बाबा, खड्डाच आहे! आपण दोघं चुकलो!"

बाबांनीही बोट घालून पाहिलं आणि गुपचूप कान पकडले.

"आत्या, तुला लांबून कसं कळलं?"

"चेहरा म्हटला की तुमचं डोकं आधीच ठरवून टाकतं, नाक बाहेरच असणार. मग डोळे काय सांगतात ते ऐकतंय कोण! माझं डोकं असं परस्पर ठरवत नाही. या आजारात पुष्कळांचं तसं होतं, म्हणतात डॉक्टर."

"भारीच की!"

"कसलं भारी! खऱ्या चेहऱ्यापाशी माझी पंचाईत होते. तुझा डोळा वेगळा दिसतो, गाल वेगळा, दात वेगळे. एकेक गोळा करावं तेव्हा कुठे माझी भाची होते. आणि तू तर पारा! गोळा होईपर्यंत पसार."

"चला, उशीर झाला," बाबा म्हणाले.

छोटीने हातानेच त्यांना थांबवलं. ती आत्यासमोरच्या स्टुलावर चढून ताठ बसली.

"कर गोळा. सावकाश," ओठ जेमतेम हलवत ती म्हणाली, आणि पापणीही न लववता बसून राहिली.